पुसलेल्या दोन अक्षरांचा प्रश्न

छायाचित्र खोटे बोलू शकते काय, हा प्रश्न आजच्या काळी कोणी विचारल्यास ऐकणारा हसेल. ज्या काळात शाळकरी पोरही बोटाच्या एका फटकाऱ्यासरशी चित्रातील नको तो माणूस, नको ती तार व नको तो खांब नाहीसा करते, त्या काळात या प्रश्नाचे उत्तर सर्वांस तोंडपाठ आहे. परंतु उत्तर तोंडपाठ असणे निराळे आणि ते आपल्या वर्तनास लागू करणे निराळे. आम्हास हा प्रश्न गेल्या वर्षी अशा रीतीने पडला की त्याचे उत्तर देणे हे आमचे कर्तव्य होऊन बसले. आणि ते कर्तव्य आम्ही नीटसे बजावले नाही अशी रुखरुख अद्याप मनात आहे.

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी छायाचित्रांची स्पर्धा असते, आणि इंग्रजीच्या प्राध्यापकास सगळ्यातले थोडे थोडे कळते अशा एका गोड गैरसमजामुळे तिच्या परीक्षणाचे काम आम्हाकडे येते. गेल्या खेपेस आलेल्या चित्रांत एक चित्र उरलेल्या सर्वांहून इतके सरस होते की निवडीचा प्रश्नच उरला नव्हता. मावळातला एक डोंगर, भाद्रपदातली ओलसर सकाळ, पायथ्याशी सोनकीचा पिवळा पट्टा, आणि माथ्यावरून नुकतेच उठू लागलेले ढग. चित्राखाली एवढेच लिहिले होते : 'आमचा डोंगर'. बक्षिसाचे नाव आम्ही कागदावर लिहिलेही होते. इतक्यात त्याच वर्गातील एका मुलाने, मत्सराने म्हणा की सत्यप्रीतीने म्हणा, येऊन सांगितले की मी रोज त्या रस्त्याने येतो व त्या डोंगरापुढे विजेचा एक मोठा मनोरा उभा आहे. त्या मुलीस बोलावून विचारले. तिने आढेवेढे न घेता सांगितले, "हो सर, मनोरा मी पुसला."

त्यावर आम्ही जे व्याख्यान दिले ते आता आठवले की थोडी लाज वाटते. छायाचित्र म्हणजे साक्ष होय. साक्षीदाराने जसे पदरचे घालू नये तसेच पुढ्यातले काढूही नये, वगैरे वगैरे. मुलीने शांतपणे ऐकून घेतले आणि जाता जाता विचारले, "सर, तुमच्या खोलीत जे चित्र लावले आहे ना, बर्फाच्या डोंगराचे, त्यातलीही दोन अक्षरे पुसलेली आहेत असे मी वाचले होते. ते खरे आहे का?"

ते खरे होते. आणि आम्हास ते ठाऊक होते. वीस वर्षे ते चित्र आमच्या भिंतीवर आहे, आणि वीस वर्षांत एकदाही त्या गोष्टीने आमच्या सत्यप्रीतीस टोचले नव्हते.

ते चित्र अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराचे. त्यांचा जन्म १९०२ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोतला. चौदाव्या वर्षी, म्हणजे १९१६ साली, ते आईबापांबरोबर कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या खोऱ्यात गेले आणि तेथे त्यांच्या हाती कोडॅकचा एक साधा डबीवजा कॅमेरा देण्यात आला. त्यानंतर १९८४ साली मृत्यू येईपर्यंत असे एकही वर्ष गेले नाही म्हणतात की ज्यात त्यांनी त्या खोऱ्याकडे पाऊल वळविले नाही. शिकत होते ते पियानो. वयाच्या अठ्ठावीस-तिसाव्या वर्षापर्यंत आपण वादक व्हावे की छायाचित्रकार, याचा निर्णय त्यांच्याने होत नव्हता. १९२८ साली त्यांनी विवाह केला तोही खोऱ्यातच चित्रांचे दुकान चालविणाऱ्या गृहस्थाच्या मुलीशी. अशा रीतीने तो प्रदेश त्यांचे माहेर, सासर व कार्यक्षेत्र असे तिन्ही झाला.

त्यांच्या साधनाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आमच्या प्रश्नाचा एक धागा त्यात आहे. हा कॅमेरा म्हणजे एक लाकडी चौकट, पुढे भिंग, मागे दुधी काच आणि मध्ये हार्मोनियमसारखा भाता. सगळे बिऱ्हाड तिवईवर मांडावयाचे, डोक्यावरून काळे कापड घ्यावयाचे आणि दुधी काचेवर उलटे पडलेले जग, डोंगर खाली व आकाश पायाशी अशा अवस्थेत, निरखीत बसावयाचे. आठ इंच रुंद व दहा इंच लांब असा फिल्मचा एकच ताव एका वेळी. तो संपला की दुसरा घालावयाचा. पाठीवर चाळीस पौंडांचे ओझे आणि दिवसाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रे. आपल्या खिशातील यंत्र एका मिनिटात घेते तितकी चित्रे घेण्यास या माणसास कधी कधी एक ऋतू लागे. साहजिकच यात हाताच्या चलाखीपेक्षा वाट पाहण्याचे काम अधिक. हिवाळ्यातले वादळ खोऱ्यातून निघून जात असता कड्यांवरून ढग फाटतात ती घटका. वैशाख-ज्येष्ठात बर्फ वितळून धबधबे फुगतात आणि श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडचे ओढे भरून वाहतात नेमके तेव्हा, योसेमिटीचा तो दोन हजार चारशे फुटांचा प्रपात आटून धार होऊन राहतो तो काळ. वसंतात डॉगवुडची पांढरी फुले. शिशिरात बर्फाने लगडलेला एखादा ओक. कालिदासाचा ऋतुसंहार ग्रीष्मापासून आरंभतो व वसंतात संपतो. या माणसाच्या ऋतुचक्रास आरंभही नव्हता व अंतही. त्याच कड्यापुढे त्याच तिवईसह तो पन्नास-पन्नास वर्षे येऊन उभा राहिला.

आता आमच्या भिंतीवरील चित्र. सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेस ओवेन्स नदीचे खोरे आहे व त्यात लोन पाइन नावाचे लहानसे गाव आहे. १९४४ सालच्या हिवाळ्यात अ‍ॅडम्स तेथे पहाटे जाऊन उभे राहात. चार पहाटा वाया गेल्या. पाचव्या पहाटे कडाक्याच्या थंडीत त्यांनी मोटारीच्या टपावर बांधलेल्या फळीवर कॅमेरा मांडला. हिमाच्छादित शिखरांवर ऊन आले. मधल्या टेकड्या अजून काळोखात होत्या. पुढच्या कुरणात उन्हाचा एक पट्टा उतरला आणि तेथे चरत असलेला घोडा, जो तोवर पाठ फिरवून उभा होता, ऐन क्षणी आडवा वळला. काळी टेकडी, पांढरे पर्वत आणि त्या दोहोंच्या पायाशी इवलासा घोडा : असे हे चित्र आहे. परंतु त्या काळ्या टेकडीवर त्या दिवशी आणखीही काही होते. गावच्या विद्यालयातील मुलांनी चुनखडीने तेथे गावाच्या नावाची दोन आद्याक्षरे, 'एल' आणि 'पी', भली मोठी काढून ठेवली होती. अ‍ॅडम्सनी ती निगेटिव्हवरून होतील तितकी काढून टाकली आणि जो अंश उरला तो दर प्रिंटवर हाताने रंगवून बुजविला. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी हे स्वतःच सांगितले आहे. ती अक्षरे त्यांस त्या भव्य देखाव्यावरील व्रण वाटत. आणि तो व्रण चिरंतन करण्याइतके आपण सोवळे नाही, असा त्यांचा बचाव होता.

या बचावात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. चित्र म्हटले की निवड आलीच. शाकुन्तलाच्या सहाव्या अंकात दुष्यन्त शकुन्तलेचे चित्र काढतो, तेव्हा चित्रात जे साजत नाही ते चित्रकार पालटूनच घेतो असे तो बेलाशक सांगतो. विष्णुधर्मोत्तरातील चित्रसूत्राने चित्राचे चार प्रकार मानले असून त्यांतील ज्यास 'सत्य' म्हटले आहे तो प्रकार एकमेव वा सर्वश्रेष्ठ आहे असे तेथे कोठे दिसत नाही. अ‍ॅडम्स स्वतः वादक असल्यामुळे निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी व प्रिंट म्हणजे तिचे वादन, अशी उपमा देत. आपण बंदिश आणि गायन म्हणू. बंदिश एक, पण सकाळच्या मैफलीतील गाणे व रात्रीचे गाणे एक नव्हे. १९२७ सालच्या १० एप्रिल रोजी ते बर्फातून चढून हाफ डोम या प्रचंड खडकासमोर पोचले, तेव्हा त्यांच्याजवळ दोनच काचा शिल्लक होत्या. पहिली त्यांनी पिवळ्या गाळणीतून घेतली. आणि घेताच त्यांच्या ध्यानी आले की हे चित्र डोळ्यांस दिसते तसे येईल, पण मनास भासले तसे येणार नाही. दुसरी काच त्यांनी गडद लाल गाळणीतून घेतली. निळे आकाश जवळजवळ काळे झाले आणि खडक अधांतरी लोंबणाऱ्या भिंतीसारखा उभा राहिला. त्या दिवशी योसेमिटीवर काळे आकाश नव्हते. मग ते चित्रही खोटेच म्हणावयाचे काय? १९४०च्या सुमारास फ्रेड आर्चर यांच्यासह त्यांनी जी सुप्रसिद्ध पद्धती बसविली, तिचे सारच हे की निखळ काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्यांवर कोणत्या वस्तूस कोठे बसवावयाचे हे सृष्टीने नव्हे, छायाचित्रकाराने ठरवावयाचे.

येथवर आले की पुष्कळ रसिक समाधान पावतात : छायाचित्र हेही चित्रच, मग सत्यासत्याची उठाठेव कशास? आम्हास मात्र हे समाधान पुरत नाही. आणि न पुरण्याचे कारण खुद्द अ‍ॅडम्स यांच्याच एका चित्रात आहे. न्यू मेक्सिकोतील हर्नान्डेझ या खेड्यावर चंद्र उगवत असल्याचे त्यांचे चित्र जगद्विख्यात आहे. मोटारीतून जाताना त्यांस तो देखावा दिसला. घाईत प्रकाशमापक सापडेना. चंद्राच्या तेजाचे मान पाठ होते त्यावरून त्यांनी मनात हिशेब केला व एक ताव घेतला. दुसरा घेईपर्यंत दफनभूमीतील क्रुसांवरचे ऊन गेले होते. पुढे त्यांनी त्याची शेकडो प्रिंटे काढली, आकाश वर्षागणिक अधिकाधिक काळे करीत गेले. परंतु चित्र कोणत्या साली घेतले हेच ते विसरले व निरनिराळ्या वेळी निरनिराळी साले सांगत राहिले. शेवटी ज्योतिर्गणित जाणणाऱ्यांनी चित्रातील चंद्राच्या स्थानावरून तारीख काढली : १ नोव्हेंबर १९४१. कोणत्या रंगवलेल्या चित्राकडून अशी साक्ष मिळेल? कर्ता विसरला, कर्त्याने रंग पालटला, तरी चंद्र जेथे होता तेथेच राहिला. छायाचित्र चित्र आहे हे खरे. पण ते पुरावाही आहे, आणि दुसऱ्या नात्याचे कर्ज पहिले नाते सांगून फिटत नाही.

तेव्हा प्रश्न असा मांडला पाहिजे की कोणते गाळणे म्हणजे निवड आणि कोणते गाळणे म्हणजे असत्य? आम्हास येथे भारतातील, म्हणजे महाभारतातील, एक प्रसंग आठवतो. अश्वत्थामा मेला, हे धर्मराजाचे वाक्य अक्षरशः खरे होते. त्याने हत्ती तेवढा ऐकू येऊ दिला नाही. त्याचा रथ जमिनीस टेकला तो खोटे बोलल्यामुळे नव्हे, तर गाळल्यामुळे. आणि गाळणे पाप का झाले? तर त्या गाळलेल्या शब्दावर द्रोणांचे प्राण अवलंबून होते; ते वाक्य खरे मानून त्यांनी शस्त्र खाली ठेवले. आम्हास वाटते, कसोटी येथे आहे. जे गाळले त्यावर विसंबून कोणी शस्त्र खाली ठेवले काय?

'एल' आणि 'पी' या अक्षरांना ही कसोटी लावली तर अ‍ॅडम्स बरेचसे सुटतात. तथापि पुरते सुटतात असे आम्हास वाटत नाही. ज्या पोरांनी चुन्याच्या बादल्या घेऊन टेकडी चढून आपल्या गावाचे नाव लिहिले, त्यांचे ते गाव होते. त्यांच्या अभिरुचीविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. आमच्याकडे किल्ल्यांच्या तटांवर नावे कोरणाऱ्यांविषयी तर ते अगदीच प्रतिकूल आहे. पण त्या खोऱ्यावर खरा व्रण कोणता होता? १९१३ साली लॉस अँजेलिस शहराने कालवा खणून ओवेन्स नदीचे पाणी शेकडो मैल दूर नेले आणि काही वर्षांतच तेथले सरोवर कोरडे पडले. तो व्रण पांढरा नव्हता, टेकडीवर नव्हता, म्हणून तो पुसावाही लागला नाही. डोळ्यांस खुपणारी दोन अक्षरे गेली. न खुपणारा अन्याय मात्र चित्रात अदृश्य रूपाने राहिलाच आहे.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. लोन पाइनपासून काही मैलांवर त्याच रस्त्यावर मान्झनार नावाची छावणी होती. १९४२ सालच्या सरकारी हुकुमाने पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना, त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकन असता, घरादारांतून उठवून अशा छावण्यांत कोंडले. मान्झनारमध्ये एका वेळी दहा हजारांवर माणसे होती. अ‍ॅडम्स १९४३-४४ मध्ये तेथे गेले आणि त्या लोकांची प्रतिष्ठित, हसतमुख, कामात मग्न अशी छायाचित्रे घेऊन १९४४ साली, युद्ध चालू असता, पुस्तक छापले. युद्धज्वर चढलेल्या देशात हे धैर्याचे काम होते आणि ते करणाऱ्यास 'दगडाधोंड्यांची चित्रे काढणारा' म्हणून हिणवणे न्यायाचे नाही. परंतु छावणीचे काटेरी कुंपण, पहाऱ्याचे मनोरे आणि बंदूकधारी शिपाई यांची चित्रे घेण्यास मनाई होती. ती मनाई त्यांनी पाळली. त्याच छावणीत तोयो मियाताके नावाचा एक छायाचित्रकार कैदी म्हणून होता; त्याने भिंग लपवून आत आणले, लाकडी खोका करून घेऊन त्यास बसविले आणि चोरून चित्रे घेतली, कारण आपल्या लोकांवर काय गुदरले याची नोंद राहिली पाहिजे असे त्यास वाटत होते. येथे द्रोणांचे शस्त्र आले. अ‍ॅडम्सची चित्रे पाहून एखाद्या दूरच्या वाचकाने, ठीक आहे, माणसे सुखरूप दिसतात, असे म्हणून आपला निषेध खाली ठेवला असणे अगदी शक्य आहे. दोन अक्षरे त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली, त्याचा दोष थोडा. मनोरे त्यांनी पुसले नाहीत, केवळ चौकटीबाहेर राहू दिले, त्याचा दोष अधिक. हात कोणाचा लागला यावरून गाळण्याचे माप ठरत नाही.

आणि खुद्द योसेमिटी? ज्यास निर्मनुष्य, अस्पर्श अरण्य म्हणून जगाने त्यांच्या चित्रांत पाहिले त्या खोऱ्यात आवानीची लोक पिढ्यान्‌पिढ्या राहात होते. १८५१ साली सशस्त्र पलटण तेथे शिरली ती त्यांना हुसकावण्यास. ओकच्या झाडांमधली ती मोकळी, प्रशस्त कुरणे ते लोक ठराविक काळाने आग लावून मोकळी ठेवीत म्हणून तशी होती. म्हणजे ज्यास सृष्टीची लीला म्हणावयाचे तिच्यात मनुष्याचा हात मुळापासून होता. खोऱ्यातील त्यांची अखेरची वस्ती १९६९ साली मोडण्यात आली. तेव्हा अ‍ॅडम्स हयात होते.

याच्या उलट पारड्यातही वजन घातले पाहिजे. त्यांच्या त्या निर्मनुष्य चित्रांनी डोंगर राखले. १९३६ साली ते चित्रे घेऊन वॉशिंग्टनला गेले. १९३८ साली सिएरा नेवाडावरील त्यांचे पुस्तक निघाले. आणि १९४० साली किंग्ज कॅन्यनचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून सुरक्षित झाला. चित्रांत धरणवाले, लाकूडतोडे व मोटारी दाटल्या असत्या तर कायदेमंडळाच्या सभासदांची मने वळली असती काय, याची शंकाच आहे. फळ चांगले म्हणून साधन शुद्ध, असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याने आयुष्यभर एका प्रदेशाची वाट पाहिली त्याच्या प्रेमाचा परिणाम त्या प्रदेशास उपयोगी पडला, ही गोष्ट विसरून त्याचा न्याय करणेही बरे नव्हे.

असो. हे सर्व मनात घोळवून झाल्यावर, सुमारे आठवड्याने, आम्ही त्या मुलीस पुन्हा बोलाविले. तोवर बक्षीस दुसऱ्या एका, अगदी प्रामाणिक व अगदी सामान्य, चित्रास जाहीर झाले होते. अ‍ॅडम्सविषयी आम्हास काय वाटते ते तिला सांगितले, आणि जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावयास हवा होता तो विचारला : मनोरा का पुसलास?

ती म्हणाली, "सर, तो मनोरा आमच्याच शेतात आहे. मी पाचवीत असताना उभा केला. आजीला तो डोंगर ओट्यावरून दिसायचा, तसा तो काढायचा होता. आजीला दाखवला, तर ती म्हणाली, हां, हा आपला डोंगर."

'आमचा डोंगर' या शीर्षकातील 'आमचा' हा शब्द आम्ही तोवर वाचलाच नव्हता. लोन पाइनमध्ये गावकऱ्यांची खूण परक्याने पुसली होती. येथे परक्यांची खूण गावच्या मुलीने पुसली. दोन्ही ठिकाणी बोटाने केले ते एकच, पण आता त्यास एकच नाव देण्यास आमची जीभ धजेना. 'आमचा डोंगर, मनोरा येण्यापूर्वीचा' एवढे चित्राखाली लिहिले असते तर आमची काहीच तक्रार उरली नसती. ते तसे लिहावे असे स्पर्धेच्या नियमांत कोठे नव्हते, आणि नियम करणारे आम्हीच होतो. यंदाच्या नियमांत तेवढे वाक्य घातले आहे.

तिने दोन्ही चित्रे आम्हास दिली आहेत, मनोऱ्यासह व मनोऱ्याविना. आणि खरे सांगावयाचे तर मनोऱ्याचे चित्र आम्हास अजून आवडत नाही. ती दोन्ही लोन पाइनच्या चित्राशेजारी लावावी असे मनात आहे. भिंतीवर जागा आहे. शिपायाकडून खिळे तेवढे आणवावयाचे राहिले आहेत.